ग्राफिक्स कार्ड : तपशीलपत्रकातील आकडे आणि प्रत्यक्ष कामगिरी

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेसाठी खरेदी करावयाची असली की समितीपुढे पुरवठादारांच्या दरपत्रकांचा तुलनात्मक तक्ता ठेवला जातो. प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क यांचे रकाने बारकाईने भरलेले असतात. ग्राफिक्स कार्डाच्या रकान्यात मात्र बहुधा एकच नोंद आढळते : '२ जीबी' किंवा '४ जीबी'. पडद्यावर अक्षरे आणि आलेख उमटविणे एवढेच काम या कार्डाकडे होते तोवर या नोंदीने फारसे बिघडत नसे. आता स्थापत्य आरेखन, उपग्रहचित्रांचे विश्लेषण, रेणूंचे प्रतिरूपण, कृत्रिम बुद्धिमत्ता अशा अनेक विषयांच्या अध्यापन-संशोधनाचा भार या कार्डावर आला आहे आणि पुष्कळदा त्याची किंमत उरलेल्या संपूर्ण संगणकाहून अधिक असते. अशा वेळी एका आकड्यावर विसंबून घेतलेला निर्णय किती फसवा ठरू शकतो, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल.

एनव्हिडिया कंपनीने २०१४ मध्ये 'जीफोर्स जीटी ७३०' या नावाचे स्वस्त कार्ड बाजारात आणले. या एकाच नावाखाली वस्तुतः तीन भिन्न कार्डे होती. एकात जुन्या 'फर्मी' रचनेचे ९६ कोअर होते. उरलेल्या दोहोंत नव्या 'केप्लर' रचनेचे ३८४. या दोहोंपैकी एकाला डीडीआर३ प्रकारची, तर दुसऱ्याला जीडीडीआर५ प्रकारची मेमरी होती. मेमरीतून चिपपर्यंत सेकंदाला किती माहिती पोहोचते याचे माप पाहिले तर फर्मीचे कार्ड २८.८, केप्लरचे डीडीआर३ कार्ड १४.४ आणि जीडीडीआर५ कार्ड ४० गिगाबाइट असे आकडे मिळतात. गंमत अशी की, कार्ड बनविणाऱ्या कंपन्यांनी संथ डीडीआर३ मेमरी स्वस्त म्हणून तिची ४ जीबीपर्यंतची कार्डे विकली, तर वेगवान कार्ड सामान्यतः १ किंवा २ जीबीचे मिळे. ज्याने निविदेत 'किमान ४ जीबी' असे लिहिले, त्याने नकळत सर्वांत मंद कार्डाची निवड पक्की करून टाकली.

हा प्रकार तेवढ्यावर थांबला नाही. २०१७ मध्ये आलेल्या 'जीटी १०३०' या कार्डाची मेमरी जीडीडीआर५ प्रकारची होती व तिची बँडविड्थ सेकंदाला ४८ गिगाबाइट होती. पुढच्याच वर्षी त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचे कार्ड विक्रीस आले. त्याची बँडविड्थ १६.८ गिगाबाइट होती. दोन्ही कार्डे २ जीबीची, दोहोंचे कोअर ३८४, नाव एकच. आणि बँडविड्थ एक-तृतीयांशाहून थोडी अधिक इतकीच. दरपत्रकात हा फरक दिसण्याची शक्यता नव्हती.

आकड्यांचा अर्थ

ग्राफिक्स कार्डाच्या तपशीलपत्रकात पुष्कळ आकडे असले तरी त्यांचे मूळ दोन प्रश्नांत आहे. चिप सेकंदाला किती गणिते करू शकते, आणि त्या गणितांसाठी लागणारी माहिती तिच्यापर्यंत किती वेगाने पोहोचते. मोठ्या पंगतीचा विचार केला तर हे सहज समजते. वाढपी किती आहेत आणि ते किती चपळ आहेत, हा पहिला प्रश्न. स्वयंपाकघरापासून मांडवापर्यंतची वाट किती रुंद आहे, हा दुसरा. शंभर वाढपी नेमले, पण बोळ एकच माणूस जाईल एवढा अरुंद असला, तर त्यांतील बहुतेक रिकाम्या हातांनी उभे राहणार. मेमरीची क्षमता, म्हणजे जीबीचा तो प्रसिद्ध आकडा, ही मांडवात ठेवलेल्या भांड्यांची क्षमता आहे. ती कमी पडली तर खोळंबा होतो हे खरे. परंतु भांडी मोठी असल्याने वाढपाचा वेग वाढत नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'टेराफ्लॉप्स' या एककात दिले जाते. एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी दशांशयुक्त गणिते. हा आकडा मोजलेला नसतो, काढलेला असतो. कोअरची संख्या, क्लॉकचा वेग आणि २ यांचा गुणाकार केला की तो मिळतो. दोनाने गुणण्याचे कारण असे की एक कोअर एका ठोक्यात एक गुणाकार व एक बेरीज करतो, असे गृहीत धरले जाते. उदाहरणार्थ, २०१६ च्या 'जीफोर्स जीटीएक्स १०८०' कार्डात २५६० कोअर आणि १७३३ मेगाहर्ट्झचा क्लॉक आहे. त्यांचा हिशेब ८.८७ टेराफ्लॉप्स येतो. प्रत्येक कोअर प्रत्येक ठोक्याला कामात गुंतलेला आहे, ही त्यामागची अट प्रत्यक्षात क्वचितच पुरी होते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बँडविड्थ. मेमरीच्या मार्गाची रुंदी बिटमध्ये आणि प्रत्येक तारेवरील वेग सेकंदाला गिगाबिटमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करावा व ८ ने भागावे. ६४ बिट रुंदी आणि ६ गिगाबिट वेग असल्यास ४८ गिगाबाइट. हे गणित शाळकरी पातळीचे आहे, परंतु दरपत्रकात रुंदी व मेमरीचा प्रकार दिलेला नसेल तर तेही करता येत नाही.

एक जुने, पण बोलके उदाहरण

आकडे आणि कामगिरी यांतील अंतर समजून घेण्यासाठी २००२-०३ मधील दोन कार्डांची तुलना आजही उपयुक्त आहे. एटीआय कंपनीचे 'रेडिऑन ९७०० प्रो' हे कार्ड ऑगस्ट २००२ मध्ये बाजारात आले. त्याचा क्लॉक ३२५ मेगाहर्ट्झ होता. प्रतिस्पर्धी एनव्हिडियाचे 'जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा' २००३ च्या आरंभी आले तेव्हा त्याचा क्लॉक ५०० मेगाहर्ट्झ होता. ट्रान्झिस्टरची संख्याही अधिक, सुमारे साडेबारा कोटी. रेडिऑनमध्ये ती ११ कोटींच्या आसपास होती. एफएक्सची निर्मिती १३० नॅनोमीटरच्या नव्या तंत्राने झाली होती, तर रेडिऑनची १५० नॅनोमीटरच्या जुन्या तंत्राने. मेमरीही नव्या डीडीआर२ प्रकारची होती. तक्त्यातील ठळक रकाने पाहिले तर निकाल उघड वाटावा.

प्रत्यक्षात रेडिऑनच अनेक चाचण्यांत बरोबरीने वा पुढे राहिले आणि चित्रातील कडा गुळगुळीत करण्याचे काम दिले की त्याची आघाडी वाढत असे. याचे एक कारण मेमरीच्या मार्गात होते. एफएक्सचा मार्ग १२८ बिटचा होता, म्हणून वेगवान मेमरी असूनही बँडविड्थ सेकंदाला १६ गिगाबाइटच भरत होती. रेडिऑनने साधी मेमरी २५६ बिटच्या मार्गाला जोडली होती आणि १९.८ गिगाबाइटची बँडविड्थ मिळविली होती. दुसरे कारण चिपच्या आतील रचनेत होते. रेडिऑन एका ठोक्यात आठ चित्रबिंदू पुरे करी. एफएक्स सामान्य रंगकामात चारच. आठ गुणिले ३२५ आणि चार गुणिले ५०० हा हिशेब केला की क्लॉकच्या आघाडीचे काय झाले ते समजते. तिसरे कारण सर्वांत सूक्ष्म होते. त्या वेळच्या 'डायरेक्टएक्स ९' या प्रमाणाने रंगांच्या गणितासाठी किमान २४ बिटांची अचूकता मागितली होती. रेडिऑन सर्व गणिते २४ बिटांतच करी. एफएक्सकडे १६ आणि ३२ असे दोन पर्याय होते. १६ अपुरे, आणि ३२ बिटांत काम करताना ते बरेच मंदावे. 'अधिक अचूकतेची सोय' हा जाहिरातीतील गुण कामाच्या वेळी ओझे ठरला. एफएक्सच्या पंख्याचा आवाज हा त्या काळी चेष्टेचा विषय झाला होता, तो भाग वेगळा.

कोअर मोजण्यातील अडचण

दोन कंपन्यांच्या कोअरची संख्या शेजारी ठेवून तुलना करणे म्हणजे रुपये आणि डॉलर यांची नुसत्या आकड्यावरून तुलना करण्यासारखे आहे, हे बहुधा मान्य केले जाते. एएमडी कंपनीच्या 'रेडिऑन आरएक्स व्हेगा ६४' (२०१७) या कार्डात ४०९६ कोअर, १२.६६ टेराफ्लॉप्स आणि सेकंदाला ४८४ गिगाबाइट बँडविड्थ होती. वर उल्लेखिलेल्या जीटीएक्स १०८० चे आकडे २५६०, ८.८७ आणि ३२० असे होते. प्रत्येक रकान्यात व्हेगा पुढे. तरीही बहुतांश संगणकीय खेळांच्या चाचण्यांत दोन्ही कार्डे जवळपास बरोबरीची ठरली, आणि वीज मात्र व्हेगाला २९५ वॅट तर १०८० ला १८० वॅट अशी निर्धारित होती. व्हेगाचे सामर्थ्य खोटे होते असे यावरून म्हणता येत नाही. इथेरियम या आभासी चलनाच्या 'मायनिंग'मध्ये, जिथे मेमरीच्या मार्गावरच सारा भार पडे, व्हेगा स्पष्टपणे पुढे होते. खेळाच्या चित्रनिर्मितीत सर्व कोअरना सतत काम पुरविणे त्या रचनेला साधत नव्हते.

अधिक विचार करण्यासारखी बाब ही की, एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांतही कोअरचा अर्थ बदलतो. एनव्हिडियाच्या 'आरटीएक्स २०८० टीआय' (२०१८) मध्ये ४३५२ कोअर होते, तर 'आरटीएक्स ३०८०' (२०२०) मध्ये ८७०४, म्हणजे नेमके दुप्पट. टेराफ्लॉप्सही १३.४ वरून २९.८ वर गेले. प्रत्यक्षात दोन्ही कार्डांत कोअरचे समूह ६८ च होते. आधीच्या रचनेत प्रत्येक समूहात दशांशी गणिताचे ६४ घटक आणि पूर्णांकी गणिताचे ६४ घटक वेगवेगळे होते. नव्या रचनेत पूर्णांकांच्या घटकांना दशांशी गणितही करण्याची मुभा मिळाली आणि तक्त्यात ६४ चे १२८ झाले. पूर्णांकी काम आले की हे अर्धे घटक त्यात गुंतणार, हे उघड आहे. म्हणून दुपटीहून अधिक टेराफ्लॉप्स असूनही मोठ्या पडद्यावरील खेळांत ३०८० ची आघाडी साधारण २५ ते ३५ टक्क्यांची आढळली. ती आघाडी लहान नव्हे. पण ती दुप्पट नाही, आणि तपशीलपत्रकातील एकही आकडा चुकीचा नाही.

बँडविड्थच्या बाबतीतही सावध राहावे लागते. 'आरटीएक्स ३०६० टीआय' (२०२०) ची बँडविड्थ ४४८ गिगाबाइट होती; तिचा वारस म्हणून २०२३ मध्ये आलेल्या 'आरटीएक्स ४०६० टीआय' ची २८८ च. मात्र चिपच्या आतील कॅश मेमरी ४ मेगाबाइटवरून ३२ मेगाबाइट केली होती. पंगतीच्या भाषेत सांगायचे तर मांडवाच्या कोपऱ्यातच मोठे पातेले आणून ठेवले, त्यामुळे स्वयंपाकघरापर्यंतच्या फेऱ्या घटल्या. लहान पडद्यावर नवे कार्ड जुन्यापेक्षा थोडे पुढे राही. पडदा ३८४० गुणिले २१६० चित्रबिंदूंचा झाला, म्हणजे काम चौपट झाले, की ते पातेले पुरेसे होत नसे आणि अरुंद वाट जाणवू लागे. काही चाचण्यांत जुने कार्डच सरस ठरले.

मेमरीची क्षमता : केव्हा निर्णायक, केव्हा नाही

जीबीचा आकडा निरर्थक आहे असा वरील विवेचनाचा अर्थ नाही. त्याचे स्वरूप उंबरठ्यासारखे आहे. काम मेमरीत मावते तोवर अधिक मेमरीचा काडीचाही उपयोग नसतो, आणि मावेनासे झाले की वेग एकदम कोसळतो. कारण उरलेली माहिती संगणकाच्या मुख्य रॅममधून, कितीतरी अरुंद मार्गाने आणावी लागते. ४०६० टीआय हे कार्ड ८ व १६ जीबी अशा दोन प्रकारांत निघाले. चिप तीच, बँडविड्थ तीच. बऱ्याच खेळांत दोहोंत फरक दिसत नाही, तर काही नव्या खेळांत ८ जीबीचे कार्ड अडखळते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अध्यापनात हा उंबरठा फार स्पष्ट दिसतो. ७०० कोटी प्राचलांचे भाषा-प्रारूप प्रत्येक प्राचलास १६ बिट धरल्यास १४ गिगाबाइट जागा घेते. ते ८ किंवा १२ जीबीच्या कार्डावर मावणार नाही; १६ जीबीवर कसेबसे मावेल. प्राचले ४ बिटांवर आणली तर तेच प्रारूप साडेतीन गिगाबाइटमध्ये बसते, अर्थात काही अचूकता गमावून. आणि एकदा मावले की दुसरा आकडा पुढे येतो. असे प्रारूप मजकुराचा एकेक तुकडा निर्माण करताना जवळजवळ सर्व प्राचले मेमरीतून वाचते. २८८ गिगाबाइट बँडविड्थच्या कार्डावर १४ गिगाबाइटचे प्रारूप सेकंदाला विसाहून फार अधिक तुकडे देऊ शकणार नाही, मग टेराफ्लॉप्स कितीही असोत. क्षमता प्रवेश ठरविते, बँडविड्थ वेग ठरविते.

या संदर्भात 'जीटीएक्स ९७०' (२०१४) चे प्रकरण बोधप्रद आहे. हे कार्ड ४ जीबीचे म्हणून विकले गेले आणि त्यावर ४ जीबी मेमरी खरोखरच होती. परंतु तिचे दोन भाग होते : साडेतीन गिगाबाइट वेगवान, आणि उरलेला अर्धा गिगाबाइट त्याच्या सातव्या हिश्शाच्या वेगाचा. ही बाब, तसेच कॅश मेमरी २ नव्हे तर १.७५ मेगाबाइट आहे ही गोष्ट, जानेवारी २०१५ मध्ये कंपनीने मान्य केली. अमेरिकेत दावे झाले आणि २०१६ मध्ये प्रत्येक कार्डामागे ३० डॉलर देण्याची तडजोड झाली. लक्षात घेण्याजोगे असे की, कार्डाच्या प्रकाशनानंतर तज्ज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या वेगाच्या मोजण्या यामुळे खोट्या ठरल्या नाहीत. कार्ड तेच होते. चुकले होते ते तपशीलपत्रक.

मोजणीचीही परीक्षा

तर मग तपशील बाजूला ठेवून चाचण्यांच्या गुणांवर विसंबावे काय? तेथेही इतिहास फारसा उजळ नाही. २००१ मध्ये रेडिऑन ८५०० कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये 'क्वेक ३' या लोकप्रिय खेळाची फाइल नावावरून ओळखण्याची योजना आढळली. चाचणी घेणाऱ्यांनी नावातील 'क्वेक' चे 'क्वॅक' केले, तेव्हा वेग घटला आणि चित्राचा दर्जा सुधारला. म्हणजेच आधीचा वेग दर्जा कमी करून मिळविलेला होता. २००३ मध्ये हीच वेळ एनव्हिडियावर आली. 'थ्रीडीमार्क ०३' ही चाचणी तयार करणाऱ्या फ्यूचरमार्क कंपनीने त्या वर्षी मे महिन्यात चौकशी केली. चाचणीतील कॅमेरा दर वेळी ठरलेल्या मार्गानेच फिरतो. त्यामुळे कोणता भाग कधीच दिसणार नाही हे आधीच माहीत असते, आणि तो न रेखाटता वेळ वाचविता येतो. अशा युक्त्या निष्प्रभ करणारी दुरुस्ती केल्यावर 'जीफोर्स एफएक्स ५९०० अल्ट्रा' चे गुण २४.१ टक्क्यांनी उतरले. एटीआयच्या कार्डाचे गुणही १.९ टक्क्यांनी घटले. पुढे जूनमध्ये दोन्ही कंपन्यांनी संयुक्त निवेदन काढून 'फसवणूक' हा शब्द मागे घेतला व त्याला विशिष्ट कार्यक्रमासाठीची सुधारणा म्हटले. शब्द बदलला, २४.१ हा आकडा बदलण्याचे कारण नव्हते. परीक्षेतील प्रश्न आधी ठाऊक असलेल्या विद्यार्थ्याच्या गुणांचे काय करावे, हा प्रश्न अध्यापकांना नवा नाही.

प्रामाणिक मोजणीतही सरासरीचा दोष राहतो. सेकंदाला ६० फ्रेम हा समाधानकारक वेग मानला जातो. एका सेकंदात ५९ फ्रेम प्रत्येकी १२ मिलिसेकंदांत आल्या आणि एक २९२ मिलिसेकंदांनी आली, तरी सरासरी ६० च भरते. पाहणाऱ्याला मात्र चित्र जवळजवळ तिसरा हिस्सा सेकंद थिजलेले दिसते. 'द टेक रिपोर्ट'चे स्कॉट वॉसन यांनी २०११ मध्ये प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ स्वतंत्रपणे मांडण्याचा आग्रह धरला. तेव्हापासून सरासरीसोबत सर्वांत मंद १ टक्का फ्रेमचा वेग देण्याची पद्धत हळूहळू रूढ झाली आहे. ज्या समीक्षणात हा दुसरा आकडा नसेल, ते अर्धवट समजावे.

अलीकडे 'फ्रेम' या एककाचाच अर्थ सैल झाला आहे. जानेवारी २०२५ मध्ये ५४९ डॉलरच्या 'आरटीएक्स ५०७०' ची घोषणा करताना एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी त्याची कामगिरी 'आरटीएक्स ४०९०' इतकी असल्याचे सांगितले. ५०७० मध्ये ६१४४ कोअर आणि १२ जीबी मेमरी आहे; ४०९० मध्ये १६,३८४ कोअर आणि २४ जीबी. हा दावा शक्य होतो तो कृत्रिम बुद्धिमत्तेने मधल्या फ्रेम रचण्याच्या तंत्रामुळे. त्यात चार फ्रेमपैकी तीनपर्यंत फ्रेम रेखाटलेल्या नसून अनुमानित असतात. खेळणाऱ्याला त्या चालतील. रेणूचे प्रतिरूपण करणाऱ्या संशोधकाला किंवा प्रारूप शिकविणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांचा काहीच उपयोग नाही.

शास्त्रीय गणनेतील अचूकता

विज्ञान शाखांच्या दृष्टीने सर्वांत महागडी चूक येथे होऊ शकते. टेराफ्लॉप्सचा जाहिरातीतील आकडा ३२ बिटांच्या गणितांचा असतो. हवामानाची किंवा द्रवगतीची अनेक प्रतिरूपे ६४ बिटांची अचूकता मागतात. 'आरटीएक्स ३०९०' (२०२०) हे कार्ड ३२ बिटांत ३५.६ टेराफ्लॉप्सचे आहे. त्याच वर्षीचे 'ए१००' हे संशोधनासाठीचे, कितीतरी महाग उत्पादन १९.५ चे. परंतु ६४ बिटांत ए१०० चा वेग ९.७ टेराफ्लॉप्स, तर ३०९० चा ०.५६ उरतो, कारण खेळांसाठीच्या या कार्डात ६४ बिटांचा वेग ३२ बिटांच्या चौसष्टाव्या हिश्शावर ठेवलेला आहे. एका तक्त्यातील विजेता दुसऱ्यात सतरा पटींनी मागे पडतो. याउलट 'ग्रोमॅक्स'सारखा रेणूगतिकीचा कार्यक्रम मुख्यतः ३२ बिटांत काम करील अशा रीतीने लिहिलेला आहे. त्यासाठी महाग कार्ड घेणे ही उधळपट्टी ठरू शकते. कार्ड निवडण्यापूर्वी कार्यक्रमाची माहितीपुस्तिका वाचणे एवढाच त्यावर उपाय आहे.

पुण्याच्या सी-डॅक संस्थेतील 'परम सिद्धी-एआय' हा महासंगणक ए१०० वरच उभा आहे. नोव्हेंबर २०२० च्या जागतिक 'टॉप ५००' यादीत त्याचा क्रमांक ६३ वा होता. त्याचे सामर्थ्य २१० 'एआय पेटाफ्लॉप्स' असेही सांगितले जाते आणि ५.२६७ पेटाफ्लॉप्स असेही. यादीसाठी घेतलेल्या चाचणीत प्रत्यक्ष मिळालेला वेग ४.६ पेटाफ्लॉप्स. तिन्ही विधाने खरी आहेत. पहिल्यात १६ बिटांची गणिते धरली असून प्राचलांतील शून्ये वगळण्याची सवलतही हिशेबात घेतली आहे. दुसरा आकडा ६४ बिटांचा कागदी कमाल वेग आहे आणि तिसरा मोजलेला. वृत्तपत्रातील मथळ्यात पहिला आकडा आला तर नवल नाही. विद्यापीठाच्या प्रकल्प-प्रस्तावात मात्र कोणता आकडा लिहिला आहे हे स्पष्ट करावयास हवे.

नाव, वीज आणि खोलीचे तापमान

कार्डाचे नाव हा तुलनेचा आधार होऊ शकत नाही, हे जीटी ७३० ने दाखविलेच आहे. ही परंपरा जुनी आहे. २००२ चे 'जीफोर्स ४ एमएक्स' नावाने चौथ्या पिढीचे असले तरी रचनेने दुसऱ्या पिढीच्या जवळचे होते. २०२२ मध्ये 'आरटीएक्स ४०८०' १२ व १६ जीबी अशा दोन रूपांत जाहीर झाले, तेव्हा त्यांत केवळ मेमरीचा नव्हे तर ७६८० व ९७२८ कोअरचा फरक होता. टीका झाल्यावर त्यातील लहान कार्ड ऑक्टोबरमध्ये मागे घेण्यात आले आणि २०२३ च्या आरंभी 'आरटीएक्स ४०७० टीआय' या नावाने आले. लॅपटॉपमध्ये तर नावावर मुळीच विसंबू नये. टेबलावरील संगणकातील आरटीएक्स ४०९० ला १६,३८४ कोअर आणि ४५० वॅट वीज असते; लॅपटॉपमधील त्याच नावाच्या चिपला ९७२८ कोअर, आणि उत्पादकाच्या मर्जीनुसार सुमारे ८० ते १५० वॅट. पातळ लॅपटॉपमधील ४०९० जाड लॅपटॉपमधील ४०८० च्या मागे राहू शकतो.

परदेशी समीक्षणांतील मोजण्या बहुधा थंड खोलीत, उघड्या मंचावर घेतलेल्या असतात. २०१२ च्या सुमारापासून ग्राफिक्स कार्डे तापमान व वीज पाहून आपला क्लॉक स्वतःच वरखाली करतात. मे महिन्यात चंद्रपूर किंवा अकोल्याच्या एखाद्या प्रयोगशाळेत, बंद कपाटवजा टेबलात ठेवलेल्या यंत्रात तेच कार्ड तोच वेग देईल असे गृहीत धरता येत नाही. वातानुकूलन आणि पुरेसा वीजपुरवठा यांचा खर्च तुलनात्मक तक्त्यात धरला जात नाही, हा त्या तक्त्याचा आणखी एक दोष.

निविदेतील ओळ

सार्वजनिक पैशाच्या खरेदीत एका कंपनीचे वा कार्डाचे नाव घालणे टाळले जाते. म्हणून समितीला तपशीलाची भाषा वापरावीच लागते. '४ जीबी ग्राफिक्स कार्ड' या ओळीऐवजी मेमरीची किमान क्षमता, मेमरीचा प्रकार, मार्गाची रुंदी किंवा बँडविड्थ, आवश्यक असल्यास ६४ बिटांतील वेग, आणि लॅपटॉप असल्यास ग्राफिक्स चिपला मिळणारे वॅट, इतके लिहिले तरी बरीच संदिग्धता दूर होईल. त्याहूनही परिणामकारक अट कामगिरीची आहे. वास्तुशास्त्र विभागाने आपल्या विद्यार्थ्यांचे एक प्रत्यक्ष त्रिमित प्रारूप, भूगोल विभागाने एक उपग्रहचित्र, संगणकशास्त्र विभागाने एक प्रशिक्षणाचा कार्यक्रम बाजूला काढून ठेवावा आणि निविदेपूर्वीच्या प्रात्यक्षिकात प्रत्येक पुरवठादाराच्या यंत्रावर तोच चालवून घड्याळ लावावे. काम एकदा न चालविता सलग अर्धा तास चालवावे, कारण तापल्यानंतरचा वेगच वर्षभर मिळणारा वेग असतो. प्रात्यक्षिकातील कार्डाचा अनुक्रमांक व मेमरीचा प्रकार नोंदवून घ्यावा, आणि माल आल्यावर 'जीपीयू-झेड'सारख्या विनामूल्य कार्यक्रमाने प्रत्येक यंत्रावरील कोअर, मार्गाची रुंदी व बँडविड्थ पडताळून मगच देयकावर सही करावी.